अडीचशेची कुकी

"कानाजवळ मोड," प्रमिलाताई म्हणाल्या.

मी पहिल्या बशीतली कुकी उचलली, त्यांच्या उजव्या कानाशी नेली आणि मधोमध मोडली. आवाज जवळजवळ झालाच नाही.

"हं. लोणी भरपूर आहे. कमी असतं तर टक्‌ झालं असतं. लिही."

मी लिहिलं. फेब्रुवारी २०१२, बुधवार, सकाळचे साडेअकरा. नाशिकमधला त्यांचा दुसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. टेबलावर तीन पांढऱ्या बशा, प्रत्येकीवर स्टीलचं झाकण, बशीच्या बुडाशी मी चिकटवलेला आकडा. कुठल्या बशीत काय आहे ते मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं.

आमच्या दैनिकाच्या शनिवार पुरवणीत दर पंधरा दिवसांनी 'चव आणि किंमत' हे सदर यायचं. शहरात महाग म्हणून गाजत असलेला एखादा पदार्थ आणायचा, तशाच दोन स्वस्त पदार्थांच्या शेजारी ठेवायचा, आणि प्रमिला खैरनारांनी सांगायचं की किंमत वाजवी आहे की अवाजवी. ताई आमच्याच महिला पुरवणीच्या निवृत्त संपादक. तेव्हा सदुसष्ट वर्षांच्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. सोबत राहणारी बहीण वारल्यापासून एकट्या होत्या. सदर त्यांच्या नावानं छापलं जायचं. मी पदार्थ आणायचो, मांडायचो आणि त्या बोलतील ते उतरवून घ्यायचो. मला सदरासाठी त्यांच्याकडे पाठवायला लागून तेव्हा पाच वर्षं झाली होती.

त्या बुधवारी पहिल्या बशीत 'लुसियाँ' या नव्या बेकरीची कुकी होती. काळा डबा, सोनेरी फीत, आत सहा कुकीज. डबा पंधराशेचा, म्हणजे एक कुकी अडीचशेची. दुसऱ्या बशीत भद्रकालीतल्या जुन्या भट्टीतलं बिस्कीट, जिथे दिवाळीआधी लोक स्वतःचं तूप-रवा नेऊन नानकटाई भाजून आणतात. तिसऱ्या बशीत पुड्यातलं बिस्कीट, पाच रुपयांचं.

ताईंनी तुकडा तोंडात टाकला तेव्हा माझा फोन वाजला. देसले साहेबांचा होता. ते पुरवणीचे प्रमुख. मी उठून गॅलरीत गेलो.

"कुठे आहेस?"

"ताईंकडे. कुकीज चालल्यात."

"बरं ऐक. मार्चपासून पुरवणीची दोन पानं कमी होतायत. तुझं ते सदर राहतं की जातं, सांगता येत नाही."

"साहेब, सगळ्यात जास्त पत्रं त्याला येतात."

"पत्रंच तर वाचतोय. मागच्या वेळी ताईंनी त्या केशरी पेढ्याला नावाजलं. चार जणांनी लिहिलंय की त्याला केशराचा नुसता इसेन्स होता, घशात बसत होता. ताईंना कळलं नाही? वय झालंय रे त्यांचं. मी त्यांच्या हाताखाली काम केलंय, माझ्या तोंडानं 'थांबा' म्हणवणार नाही. पण अजून एक अशी चूक झाली ना, तर मी काही करू शकणार नाही."

मी आत आलो तेव्हा ताई कोमट पाण्याचा घोट घेत होत्या.

"देसले होता?"

"हो."

"काय म्हणतोय? म्हातारीला घरी बसव म्हणतोय?"

"तुम्ही घरीच बसलेल्या असता की."

त्या हसल्या. "शनिवारी भाजीवाली विचारते, 'ताई, या टायमाला काय खायचं न्हाई?' तिला सांगितलं, बाई गं, अडीचशेची कुकी खायची नाही. तर म्हणाली, तुम्ही सांगितलं म्हणून, नाहीतर आत्ताच निघाले होते." मग त्यांना काही सुचलं. "अडीचशेची आहे, हे मी ऐकलंय हं. यातली कुठली, ते तू सांगितलेलं नाहीस."

"नाही सांगितलेलं."

"लिही. बशी पहिली. लोण्यात हात आखडलेला नाही. जिभेवर चटकन विरघळते, मागे पिठूळपणा राहत नाही. साखर बेताची. रोज खायची वस्तू नव्हे. वर्षातून एकदा, कुणाला मानानं द्यायची असेल तर, किंमत वाजवी."

"वाजवी?"

"वाजवी. तुला काय झालं?"

"काही नाही. लिहिलं."

दुसऱ्या आणि तिसऱ्या बशीचंही झालं. तीन वाक्यं आणि दोन वाक्यं. निघताना मी उरलेला डबा उचलला. त्यांनी दारात माझी कॉलर सारखी केली आणि म्हणाल्या, "गुरुवारी पाचला वाच."

ही आमच्या कामाची पद्धत होती. मजकूर टाइप झाला की गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता मी त्यांना फोनवर अक्षर न्‌ अक्षर वाचून दाखवायचो. कुठे स्वल्पविराम आहे तेही सांगायचो. ऐकून झालं की त्या 'सोड' म्हणायच्या आणि पान छपाईला सुटायचं. त्यांच्या 'सोड'नंतर मजकुराला कुणीही हात लावत नसे. संपादकही नाही.

दुपारी ऑफिसात मी डबा उघडला आणि एक कुकी खाल्ली. दुसऱ्या घासाला थांबलो. तोंड बंद असताना नाकात जे चढलं ते ओळखायला तज्ज्ञ लागत नव्हता. लोणी खवट होतं. उन्हात राहिलेल्या खोबऱ्यासारखं, जुन्या तेलाच्या बाटलीच्या झाकणासारखं.

मी समोरच्या इनामदारांना एक दिली. ते पुरवणीची पानं लावायचे.

"ही कुठल्या मेडिकलमधून आणलीस?" त्यांनी विचारलं.

"का?"

"खवट आहे रे. पंधराशे रुपये? डब्याचे असतील."

एका डब्यावर निकाल देत नाहीत. गुरुवारी सकाळी मी कॉलेज रोडवर जाऊन पुन्हा एक कुकी घेतली आणि दुकानातच खाल्ली. तीच चव. काउंटरवरच्या मुलीला मी म्हणालो, "बटर जुनं आहे का?"

"सर, बटर इम्पोर्टेड आहे."

"इम्पोर्टेडच, पण जुनं?"

"पहिल्यांदा खाणाऱ्यांना तसं वाटतं, सर. सवय लागते."

बाहेर येऊन मी मोटारसायकलवर बसून राहिलो. पेढ्याचं आठवलं. त्याआधी एका हॉटेलच्या बिर्याणीबद्दल त्यांनी केवड्याविषयी एक अक्षरही सांगितलं नव्हतं, तेही आठवलं. तिन्ही गोष्टी वासाच्या होत्या; पुढचं मला कळलं. ते मी कुणाला सांगितलं असतं तर सदर त्याच दिवशी संपलं असतं. आणि नुसतं सदर नाही. ताई बुधवारी सकाळी इस्त्रीची साडी नेसून, टेबल पुसून, तीन बशा काढून माझी वाट बघायच्या. उरलेल्या तेरा दिवसांत त्यांच्याकडे कोण यायचं ते मला माहीत होतं. कुणी नाही.

पाच वाजता मी फोन केला. वाचून दाखवलं. 'किंमत वाजवी, पूर्णविराम' इथपर्यंत आलो.

"ताई, लोण्याबद्दल अजून काही घालायचं का?"

"काय घालायचं?"

"म्हणजे… ताजं होतं, जुनं होतं, असं काही."

पलीकडे पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"हर्षद, तुला काही म्हणायचंय का?"

"नाही, ताई. सहज विचारलं."

"मग सोड," त्या म्हणाल्या.

मी पान सोडलं नाही. मजकूर पुन्हा उघडला. पहिल्या बशीचा परिच्छेद काढून टाकला आणि त्या जागी लिहिलं: 'लोण्यात हात आखडलेला नाही, पण ते लोणी खवट आहे. पहिला घास फसवतो, दुसरा सांगतो. अडीचशे रुपयांच्या वस्तूनं निदान ताजं असावं, एवढी अपेक्षा जास्त नाही. किंमत अवाजवी.' पाच वर्षं त्यांची वाक्यं उतरवली होती, त्यामुळे त्यांच्यासारखं लिहायला सात मिनिटं लागली. वर त्यांचं नाव होतंच. इनामदारांनी पान लावलं. मी घरी जाऊन शांत झोपलो. हे मुद्दाम नोंदवतो. मला तेव्हा वाटत होतं की मी एक बरं काम केलंय.

शनिवारी सकाळी दहा वाजता देसले साहेबांनी बोलावलं. केबिनमध्ये 'लुसियाँ'चे मालक बसले होते. चाळिशीचे, नीटनेटके, आवाज न चढवणारे. त्यांच्या मांडीवर पुरवणी होती. तिच्या शेवटच्या पानावर त्यांचीच अर्ध्या पानाची जाहिरात होती.

"मला एवढंच विचारायचंय," ते म्हणाले, "की या बाईंनी खरंच चव घेतली का?"

"आमच्याकडे तसंच होतं," देसले म्हणाले.

"कारण खवट हा शब्द तुम्ही छापलाय. महाग म्हणा, गोड म्हणा, आवडली नाही म्हणा. खवट म्हणजे आम्ही लोकांना खराब माल विकतो. त्या स्वतः असं म्हणाल्या असतील तर मी आत्ता उठून जाईन. नसतील तर मी वकिलांशी बोलेन."

देसल्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तूच होतास ना समोर?"

"हो."

"त्या खवट म्हणाल्या?"

मी उत्तर द्यायच्या आत त्यांनी ताईंचा नंबर लावला होता आणि फोन स्पीकरवर टाकला होता. चार रिंग झाल्या.

"ताई, देसले बोलतोय. आजचं सदर वाचलंत?"

"सहा वाजता वाचलं."

"त्यात कुकीचं लोणी खवट असल्याचं म्हटलंय. बेकरीचे मालक इथेच बसलेत. ते तुमचंच मत आहे ना?"

मी टेबलावरच्या काचेकडे बघत होतो. काचेखाली एक जुनं बसचं वेळापत्रक होतं. ते मी वाचून काढलं.

"छापलंय ते माझं आहे," ताई म्हणाल्या. "चव मी घेतली. नाव माझं आहे. त्यांना म्हणावं, माल तपासा, वकील नंतर."

मालक उठले. दारात थांबून म्हणाले, "तपासतो." आणि गेले.

देसल्यांचा चेहरा सैल झाला. "ताई, मानलं तुम्हाला. मी बुधवारीच हर्षदला म्हणत होतो…"

"तू काय म्हणत होतास ते मला माहितेय. पुढच्या अंकापासून माझं नाव घालू नकोस."

"अहो, असं काय? उलट आज…"

"खूप वर्षं झाली, बाबा. आता पुरे. निरोपाची चौकट वगैरे काही करू नकोस. आणि हर्षद तिथे आहे ना?"

"आहे, ऐकतोय."

"त्याला म्हणावं, उरलेल्या कुकीज घेऊन ये."

मी तीन वाजता पोहोचलो. दार उघडंच होतं. ताई नेहमीच्या खुर्चीत बसल्या होत्या. टेबलावर पुरवणी, पहिल्या बशीच्या परिच्छेदाभोवती लाल पेनानं चौकट. मी काळा डबा समोर ठेवला. त्यात तीन कुकीज उरल्या होत्या.

"ताई, मी…"

"आधी बस."

बसलो.

"वाक्यं बरी आहेत," त्या म्हणाल्या. "'पहिला घास फसवतो, दुसरा सांगतो.' हे मी लिहिलं असतं."

"मला वाटलं, सदर वाचेल."

"माहितेय काय वाटलं ते. देसल्यानं तुला फोनवर सांगितलं असणार. एक चूक आणि बंद."

"हो."

"मग तू माझी चूक दुरुस्त केलीस. माझ्या नावाखाली, मला न विचारता. मी 'सोड' म्हटल्यावर." त्यांनी लाल चौकटीवर बोट ठेवलं. "फोनवर विचारलंस तेव्हा मला कळलं होतं की काहीतरी आहे. मी म्हटलं, हा आता सांगेल. तू म्हणालास, सहज."

मी डब्याची सोनेरी फीत सरळ केली.

"तिथे तू नुसतं म्हणायला हवं होतंस, ताई, खवट आहे. मी रडले असते, भांडले असते, पण मीच ते बदललं असतं. ते माझं राहिलं असतं."

"कधीपासून, ताई?"

"गेल्या श्रावणात ताप आला होता. ताप गेला, वास परत आला नाही. डॉक्टर म्हणाले, थांबा. थांबले. मग म्हणाले, या वयात कधीकधी येत नाही. गोड, खारट, कडू, आंबट एवढं कळतं. कडक-मऊ कळतं. बाकी काही नाही. तोंडात लाकडाचा भुसा घ्यावा तसं."

"म्हणजे तेरा सदरं…"

"तेरा. मोजलीस वाटतं. मीही मोजली."

"पण बहुतेक बरोबर होती."

"ती तुझ्यामुळे." त्या पहिल्यांदा हसल्या, पण ते लगेच मावळलं. "चांगला वास आला की तू झाकण सावकाश उचलतोस. नसला की पटकन. आणि मी खात असताना तुझ्या तोंडाकडे बघितलं की सगळं कळतं. आवडलेली वस्तू असली की तू तोंडातलं पाणी गिळतोस. मी ती जिभेवर घोळवायचे आणि तुझं तोंड वाचायचे. बुधवारी तू गॅलरीत गेलास."

पाच वर्षं मी लोकांच्या बारीक सवयी टिपून पोट भरत होतो. कोण बोलताना चष्मा पुसतो, कोण खोटं बोलताना पाणी मागतो. माझ्या समोर बसून कुणी माझी नोंद ठेवतंय, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

ताईंनी डबा उघडला, एक कुकी घेतली आणि खायला लागल्या.

"खाऊ नका ती, ताई. खराब आहे."

"मला काय फरक पडतो? तू सांग. कशी आहे?"

"खवट."

"तो शब्द मला येतो. शब्द आठवतोय, वास आठवत नाहीये. गेले दोन महिने प्रयत्न करतेय. बहिणीच्या ट्रंकेचा, शाईचा, कढीपत्त्याचा. शब्द उभा राहतो, त्याच्या मागे काही नाही."

मी सांगायचा प्रयत्न केला. जुनं खोबरं म्हणालो. तेलाच्या बाटलीचं झाकण म्हणालो. बंद कपाटातली पणती म्हणालो. त्या चावत ऐकत होत्या, मान हलवत होत्या. एखाद्याला परक्या भाषेतलं गाणं समजावून सांगावं तसं ते होतं. मी थांबलो तेव्हा कुकी संपली होती. त्यांनी पदरावरचा चुरा बशीत झटकला.

"आता एक विचारते," त्या म्हणाल्या. "हे मी कुणालाच विचारू शकत नाही. शेजारी विचारलं तर गावभर होईल. तुलाही विचारलं नसतं, पण तू आता मला बरं वाटावं म्हणून काही बोलणार नाहीस, असं मी समजते."

"विचारा."

"माझ्या घरात वास येतो का?"

खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. चौथ्या किकला ती सुरू झाली.

"येतो," मी म्हणालो.

"कशाचा?"

"काहीतरी नासल्याचा. बहुतेक फ्रिजमधून. आणि ओल्या फडक्यांचा. आत गेलं की मोरीचाही."

त्यांचा चेहरा हलला नाही. फक्त मानेपासून कानापर्यंत रंग चढत गेला. त्यांनी पदर खांद्यावरून ओढून घट्ट धरला, जणू मी त्यांना अंघोळीतून निघताना पाहिलं होतं.

"रोज पुसते रे मी," त्या म्हणाल्या. "रोज दोनदा."

"दिसायला स्वच्छच आहे, ताई."

"कधीपासून येतोय?"

खोटं बोलायला सोपं होतं. हल्लीच, म्हटलं असतं.

"दिवाळीपासून."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि हात खाली घेतला.

"दर पंधरा दिवसांनी येऊन बसायचास," त्या म्हणाल्या. "चहा प्यायचास."

दिवाळीनंतरच्या पहिल्या बुधवारी दार उघडताच मला तो वास आला होता. आपण पाहुणे आहोत, एकटी बाई आहे, असं कसं बोलायचं, असं म्हणून मी चप्पल काढली होती आणि नेहमीसारखा आत गेलो होतो. अख्खी गोष्ट मला त्या दिवशी दारातच कळली असती. ज्या बाईला शेजारच्या घरातली फोडणी कशाची ते कळायचं, तिच्या घरात वास येतो आणि ती हसत पाणी आणून देते. पंधरा मिनिटांत सुटेल असं ते होतं. मी सभ्यपणा केला.

ताई उठल्या. आत जाऊन त्यांनी फ्रिजचं दार उघडलं.

"इकडे ये."

मी गेलो. आत स्टीलचे आणि प्लॅस्टिकचे डबे एकावर एक रचलेले होते, सगळे पुसलेले, एकाच दिशेनं तोंडं केलेले. त्यांनी वरचा डबा काढला, झाकण उघडलं आणि माझ्या नाकासमोर धरला. स्वतः त्या माझ्या तोंडाकडे बघत नव्हत्या. भिंतीकडे बघत होत्या.

"हा?"

"नाही. हा चांगला आहे."

तो त्यांनी ओट्यावर ठेवला आणि दुसरा काढला.

"हा?"

"हो."

तो मोरीत गेला. नळ सोडला.

"हा?"

"हो."

"नीट बघून सांग."

"हो, ताई. हाही."